साडेतेरा मेगाहर्ट्झचा तह

फेब्रुवारी १९८१. सॅन फ्रान्सिस्कोच्या केपीआयएक्स या टीव्ही केंद्रात अभियंत्यांचा मेळा जमला होता. सिनेमा आणि टीव्ही अभियंत्यांच्या एसएमपीटीई या अमेरिकी संस्थेची हिवाळी परिषद शहरात भरली होती आणि तिच्या निमित्ताने इथे काही चाचण्या मांडल्या होत्या. बदलत होता तो एक आकडा, आणि त्याचा चित्रावर काय परिणाम होतो ते सगळे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. टीव्हीचे चित्र अंकांत उतरवायचे, तर त्याच्या प्रकाशाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे? १ कोटी २० लाख, १ कोटी ३५ लाख की १ कोटी ४३ लाख?

युरोपचा कल १२ मेगाहर्ट्झकडे होता, अमेरिकेचा १४.३कडे. दोघांनाही आपापला आकडा सोयीचा होता, कारण तो त्यांच्या घरच्या टीव्ही पद्धतीत नीट बसत होता. शेवटी ठरला तो मधला, १३.५. दोघांनी थोडे थोडे सोडून फरक वाटून घेतला, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात या आकड्यामागे फार सुंदर गणित होते. पुढच्या तीस वर्षांत टीव्हीचे जे जे डिजिटल टेपवर उतरले, त्याचा मोठा भाग या एका निर्णयावर उभा राहिला. आणि ज्या टेपांनी या निर्णयाला बगल दिली, त्यांची किंमत पुढे अभिलेखागारांना मोजावी लागली.

टेपवर चित्र उतरवण्याची कला तोवर पंचवीस वर्षांची झाली होती. एप्रिल १९५६मध्ये शिकागोत अँपेक्स कंपनीने पहिले व्यवहार्य व्हिडिओ टेप यंत्र दाखवले. चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या चमूने ते बांधले होते. पुढे आवाजाच्या तंत्रात नाव काढलेला रे डॉल्बी तेव्हा त्या चमूतला कोवळा पोरगा होता. दोन इंच रुंद टेप, तिच्यावर आडवी फिरणारी चार हेड्स, आणि आवाज असा की यंत्राशेजारी बोलणे कठीण. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने संध्याकाळच्या बातम्या या टेपवरून पश्चिम किनाऱ्यावर दाखवल्या.

त्यानंतर टेप एक इंचावर आली, कॅसेटमध्ये शिरली, स्वस्त झाली. एक दुखणे मात्र तसेच राहिले. टेपवर सिग्नलची लाट जशीच्या तशी उमटत असे, आणि तिच्याबरोबर टेपचा खरखराटही. कॉपी केली की त्या खरखराटात नवा खरखराट मिसळायचा. मूळ चित्रीकरणावरून एडिट मास्टर, त्यावर नावे चढवली की आणखी एक पिढी, इफेक्ट टाकला की आणखी एक. चौथ्या-पाचव्या पिढीला चेहऱ्याच्या कडा विरलेल्या आणि लाल रंग ओठांबाहेर सांडलेला दिसे. जगभरच्या एडिटरांनी यावर तोडगे काढले होते, पण ते तोडगेच होते. चित्राऐवजी अंक लिहिले, तर कॉपी म्हणजे तेच अंक पुन्हा लिहिणे. शंभरावी कॉपीही पहिलीसारखी. डिजिटल टेपचे सगळे आकर्षण या एका गोष्टीत होते.

पण अंक कशाचे लिहायचे? खरा झगडा इथे होता.

रंगीत टीव्ही आला तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते आणि प्रक्षेपणाच्या वाहिनीची रुंदी ठरून गेली होती. म्हणून अमेरिकेच्या एनटीएससी आणि युरोपातल्या पाल पद्धतीने रंगाची माहिती एका उपवाहक लहरीवर चढवून ती प्रकाशाच्याच सिग्नलमध्ये दडवली. या मिश्र सिग्नलला कॉम्पोझिट म्हणतात. एका तारेत सगळे चित्र मावते, ही त्याची मोठी सोय. पण एकदा दुधात हळद घातली की ती वेगळी काढता येत नाही. रंग आणि प्रकाश पुन्हा पूर्णपणे विलग करणे तितकेच अवघड. बारीक रेघांचा शर्ट घातलेला निवेदक पडद्यावर आला की रेघांवर इंद्रधनुष्य नाचू लागते, कारण संचाला ती बारीक नक्षी रंगाचा सिग्नल वाटते. रंगीत अक्षरांच्या कडेने ठिपक्यांची रांग सरकताना दिसते, ती याच भेसळीमुळे.

दुसरा मार्ग कंपोनंटचा. प्रकाश एका तारेत, आणि रंगाचे दोन फरक-सिग्नल आणखी दोन तारांत. भेसळ नाही, पण तारा तीन. सॅन फ्रान्सिस्कोत तपासले जात होते ते हेच कंपोनंट चित्र.

आता ते गणित. पालमध्ये सेकंदाला १५,६२५ रेषा रेखल्या जातात, एनटीएससीत सुमारे १५,७३४. नमुने रेषागणिक पूर्णांकात पडले तरच ते एकाखाली एक सरळ उभे राहतात आणि चित्राची नीट जाळी तयार होते. १२ मेगाहर्ट्झ घेतले तर पालच्या रेषेत बरोबर ७६८ नमुने पडतात, पण एनटीएससीच्या रेषेत ७६२ आणि वर अपूर्णांक. १४.३ हा आकडा म्हणजे अमेरिकी रंगवाहक लहरीची चौपट. तो एनटीएससीत ९१०वर अचूक बसतो आणि पालमध्ये फसतो. १३.५ घेतले की पालच्या रेषेत ८६४ आणि एनटीएससीच्या रेषेत ८५८, दोन्हीकडे पूर्णांक. त्यातले प्रत्यक्ष चित्राचे नमुने दोन्हीकडे सारखेच ठेवता आले, ७२०. रंगाचे बारकावे डोळ्याला कमी जाणवतात, म्हणून रंगाच्या दोन सिग्नलांना निम्मा दर मिळाला, ६.७५ मेगाहर्ट्झ प्रत्येकी. या प्रमाणालाच धंद्यात ४:२:२ म्हणतात.

फेब्रुवारी १९८२मध्ये जिनिव्हात सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय समितीने ही शिफारस ६०१ म्हणून मंजूर केली. रंगीत टीव्हीने जगाचे पाल, एनटीएससी आणि सेकाम असे तीन तुकडे केले होते. अभियंते एका टेबलावर बसले आणि निदान स्टुडिओपुरता एक समान पाया मिळाला. विसाव्या शतकातल्या यशस्वी करारांमध्ये याचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवे.

कागदावरचा आकडा टेपवर आणणे मात्र भलतेच जड काम होते. प्रकाशाचे १ कोटी ३५ लाख आणि रंगाचे मिळून तेवढेच, असे सेकंदाला २ कोटी ७० लाख नमुने. प्रत्येक ८ बिटचा. म्हणजे सेकंदाला २१ कोटी ६० लाख बिट. रेषांमधल्या आणि चित्रांमधल्या रिकाम्या जागा गाळूनही पालच्या चित्राला सुमारे १६ कोटी ६० लाख उरतात. १९८६ साली आकाराला आलेल्या डी-१ या टेप पद्धतीने हे ओझे उचलले. टेप १९ मिलिमीटर रुंद, हेडचा ड्रम ७५ मिलिमीटर व्यासाचा आणि सेकंदाला १५० फेरे घेणारा. म्हणजे हेड टेपवरून सेकंदाला ३५ मीटरच्या वेगाने धावते आणि तिरप्या, केसापेक्षाही बारीक पट्ट्यांत अंक लिहीत जाते.

टेपवर धूळ असते, चुंबकीय लेपाचे कण निघतात, ओरखडे पडतात. लाटेच्या टेपवर ओरखडा म्हणजे चित्रात एक पांढरी चिरी, बस. अंकांच्या टेपवर त्याच जागेत शेकडो बिट मेलेले असतात. म्हणून डी-१ आणि त्यानंतरच्या प्रत्येक पद्धतीने शेजारच्या बिंदूंचे अंक टेपवर दूर दूर विखुरले आणि त्यांच्यासोबत जादा तपासणी अंक लिहिले. इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६०मध्ये मांडलेल्या संकेतावर ही तपासणी चालते. काही अंक हरवले तर उरलेल्यांवरून ते हिशोबाने परत काढता येतात. हरवलेले प्रमाणाबाहेर गेले तर यंत्र शेजारच्या बिंदूंचा अंदाज घेऊन जागा भरते. त्यापलीकडे गेले की चित्रात चौकड्या फुटू लागतात, आणि मग सरळ अंधार. डिजिटल टेपचे चित्र हळूहळू बिघडत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत निर्दोष दिसते आणि मग कोसळते. पुढे आलेल्या डिजिटल बीटाकॅम या टेपच्या यंत्रावर यासाठी छोटे दिवे असत, हिरवा, पिवळा, लाल. चित्र झकास दिसत असताना पिवळा लागला तर शहाणा ऑपरेटर हेड साफ करायला उठत असे.

डी-१ने चित्राशी कुठलीही तडजोड केली नव्हती. थरावर थर चढवून दृश्य रचणाऱ्यांना तो वरदान वाटला: जाहिरात, चित्रपटाचे इफेक्ट, संगीताचे व्हिडिओ. वीस थर चढवा, पहिला थर तसाच स्वच्छ. पण जगातली बहुतेक टीव्ही केंद्रे एका तारेच्या कॉम्पोझिट सिग्नलवर बांधलेली होती. डी-१ घ्यायचा तर मिक्सर, राउटर, तारांचे जंजाळ, सगळेच बदलायचे. ते कोण करणार?

या प्रश्नाला अँपेक्स आणि सोनीने १९८८मध्ये उत्तर दिले: डी-२. टेप तीच १९ मिलिमीटर, पण सिग्नल कॉम्पोझिट, रंगवाहक लहरीच्या चौपट दराने मोजलेला. पालमध्ये १७.७ मेगाहर्ट्झ, एनटीएससीत १४.३. जुने एक इंची यंत्र काढा, त्याच तारा याच्या मागे लावा, काम सुरू. मोठ्या कॅसेटमध्ये २०८ मिनिटे मावत. केंद्रांना हेच हवे होते. अँपेक्सने डी-२च्या कॅसेटा यांत्रिक हाताने लावणारे यंत्रही काढले, आणि एकामागून एक तीस सेकंदांच्या जाहिराती त्यातून बिनचूक सुटू लागल्या.

१९९१मध्ये पॅनासॉनिकने एनएचके या जपानी प्रसारण संस्थेबरोबर आखलेला डी-३ आला. सिग्नल कॉम्पोझिटच, पण टेप अर्ध्या इंचाची, त्यामुळे खांद्यावरच्या कॅमेऱ्यातही बसणारी. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकचे चित्रण त्याच्यावर झाले. त्या काळच्या खरेदी अधिकाऱ्यांना नावे ठेवता येणार नाहीत. आज चालू असलेली इमारत उद्याही चालू ठेवणे हे त्यांचे काम होते. तरीही डी-२ आणि डी-३ने नेमके काय केले ते स्पष्ट म्हणायला हवे. त्यांनी कॉपीचा खरखराट संपवला, पण रेघांवर नाचणारे इंद्रधनुष्य आणि सरकणारे ठिपके अंकांत कायमचे कोरून ठेवले. दोष आता पिढ्यान् पिढ्या न बिघडता टिकणार होता.

डी-४ निघालाच नाही. जपानमध्ये चार हा आकडा अशुभ मानतात, म्हणून तो गाळला, असे सांगतात. १९९४मध्ये पॅनासॉनिकने थेट डी-५ काढला: डी-३चीच कॅसेट, पण सिग्नल कंपोनंट, १० बिटचा, काहीही न दाबता, म्हणजे सगळे अंक जसेच्या तसे लिहिलेला. टीव्हीच्या साध्या चित्रासाठी याहून चांगली टेप नंतरही कोणी केली नाही. पण तोवर बाजार दुसऱ्याच टेपेने काबीज केला होता.

ती होती सोनीची डिजिटल बीटाकॅम, १९९३ची. धंद्यात ‘डिजीबीटा’. तिची युक्ती दुहेरी होती. ७२० गुणिले ५७६ बिंदू, सेकंदाला २५ चित्रे, ४:२:२, १० बिट. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे २० कोटी ७० लाख बिट होतात. डिजीबीटा ते दाबून सुमारे ९ कोटींवर आणते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चित्राचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येकातला ढोबळ भाग नीट जपायचा आणि डोळ्याला न जाणवणारा बारीक भाग कमी अंकांत बसवायचा, अशी ही पद्धत. दाबण्याला तत्त्वतः विरोध असणारे अभियंते होते, आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता: दाबलेले चित्र उघडून पुन्हा दाबले की थोडे तरी झिजतेच. पण डिजीबीटावर ही झीज डोळ्याला सापडणे कठीण होते. दुसरी युक्ती व्यवहाराची. यंत्राच्या काही मॉडेलांत सोनीच्याच जुन्या बीटाकॅम एसपी पद्धतीची कॅसेटही चालत असे. ज्यांच्या कपाटात बीटाच्या कॅसेटांची थप्पी लागली होती, त्यांना नवे यंत्र घेताना जुने फेकावे लागले नाही. आणि एव्हाना २७० मेगाबिटचा डिजिटल कंपोनंट सिग्नल एकाच कोअॅक्सियल तारेतून वाहू लागला होता, त्यामुळे तीन तारांची अडचणही संपली. जी सोय दाखवून कॉम्पोझिट टिकला होता, तीच आता त्याच्याकडे राहिली नाही.

मुंबईत हा काळ उपग्रह वाहिन्यांच्या वाढीचा. १९९२मध्ये झी सुरू झाली तेव्हा खासगी वाहिनीला भारतातून उपग्रहाकडे सिग्नल पाठवण्याची मुभा नव्हती. तयार टेपा विमानाने हाँगकाँगला जात आणि तिथून कार्यक्रम वर चढे. १९९९मध्ये अल्फा मराठी आली, मराठी मालिकांचा दैनंदिन रतीब सुरू झाला. अंधेरीच्या एडिट रूममधल्या तरुणांना ‘बीटा’ आणि ‘डिजीबीटा’ हे शब्द रोजचे झाले. एपिसोड झाला म्हणजे टेप झाली. सुरुवातीला रंगपट्टे आणि एकसुरी आवाज, मग घड्याळ, मग कार्यक्रम. हे सगळे ठरल्या जागी नसेल तर वाहिनीचा तपासनीस टेप परत पाठवत असे.

याच सुमारास सगळ्यात लहान टेपने सगळ्यात मोठा बदल घडवला. १९९५मध्ये आलेली डीव्ही ही जपानी आणि इतर कंपन्यांनी मिळून ठरवलेली घरगुती पद्धत. पाव इंची टेप, दहा मायक्रॉनची पट्टी, सेकंदाला २५ मेगाबिट, पाचास एक दाबलेले चित्र. रंगाच्या नोंदी आणखी कमी केलेल्या, पालमध्ये ४:२:०, एनटीएससीत ४:१:१. हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून पार्श्वभूमी बदलायची म्हटली की केसांच्या कडा पायऱ्यांसारख्या तुटत, ते या कमी रंगामुळे. व्यावसायिकांसाठी पॅनासॉनिकने १८ मायक्रॉनच्या पट्टीची डीव्हीसीप्रो काढली, सोनीने १५ मायक्रॉनची डीव्हीकॅम; अंक तेवढेच, पट्टी रुंद, त्यामुळे टेप जास्त भरवशाची. पण जादू साध्या मिनी डीव्हीतच होती. कॅमेऱ्यातून एक बारीक तार काढून कॉम्प्युटरला जोडली की टेपवरचे अंक जसेच्या तसे आत. १९९८मध्ये डॅनिश दिग्दर्शक थॉमस विंटरबर्ग याचा ‘फेस्टेन’ हातात मावणाऱ्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि कान महोत्सवात गौरवला गेला. आपल्याकडे माहितीपट करणारे, चळवळीतले कार्यकर्ते, तालुक्याच्या गावातले लग्नाचे व्हिडिओवाले, सगळ्यांच्या हाती तीच कॅसेट आली. पाव इंचाच्या या टेपांवर महाराष्ट्राच्या एका दशकाचे चेहरे साठलेले आहेत, आणि ते बहुतेक घरांच्या माळ्यावर आहेत.

हाय डेफिनिशनच्या टेपा पुढे आल्या, १९९७ची एचडीकॅम आणि २००३ची एचडीकॅम एसआर, पण तोवर टेपचा उतार लागला होता. मार्च २०११च्या भूकंपात आणि त्सुनामीत सोनीच्या सेंदाईजवळच्या टेप कारखान्याचे मोठे नुकसान झाले, एसआर कॅसेटांचा जगभर तुटवडा पडला आणि जे स्टुडिओ फाइलकडे वळायला कचरत होते ते काही आठवड्यांत वळले. २०१६मध्ये सोनीने अर्ध्या इंची टेप यंत्रांची विक्री थांबवली.

आता पुन्हा डी-३कडे वळले पाहिजे, कारण त्याची गोष्ट बार्सिलोनात संपली नाही. बीबीसीने १९९०च्या दशकात डी-३ला आपली मुख्य टेप केले आणि जुन्या दोन इंची टेपांवरचा कितीतरी ठेवाही तिच्यावर उतरवला. त्या वेळी हा निर्णय दूरदृष्टीचाच वाटला असणार. पण डी-३ फार ठिकाणी रुजला नाही, यंत्रे निघणे बंद झाले, हेड मिळेनात. नव्याने जपलेला संग्रह दहा-पंधरा वर्षांत पुन्हा धोक्यात. बीबीसीच्या संशोधन विभागाने मग इंजेक्स आर्काइव्ह नावाची यंत्रणा बांधली. तिने डी-३ची टेप वाचून चित्र न दाबता फाइलमध्ये ठेवले. टेपवरचा सिग्नल कॉम्पोझिट होता, म्हणून आधी रंग आणि प्रकाश वेगळे करणे आले. त्यासाठी तिथल्याच अभियंत्यांनी विकसित केलेला ट्रान्सफॉर्म पाल डीकोडर कामी आला. तो चित्राचे वारंवारतांत पृथक्करण करून कोणता अंश रंगाचा आणि कोणता बारीक नक्षीचा हे साध्या गाळणीपेक्षा कितीतरी नेमके ओळखतो. १९८८ साली पुढे ढकललेले काम वीस वर्षांनी, जास्त कष्टाने करावे लागले.

कॉम्पोझिटच्या त्या भेसळीने एकदा मात्र मोठे उपकार केले. बीबीसीच्या काही जुन्या रंगीत कार्यक्रमांच्या टेपा पुसल्या गेल्या होत्या. उरल्या होत्या फक्त टीव्हीच्या पडद्यावरून घेतलेल्या कृष्णधवल फिल्मी प्रती. घेताना रंगाचा सिग्नल गाळला नव्हता, म्हणून त्या प्रतींत रंगवाहक लहरीचे सूक्ष्म ठिपके राहून गेले होते. एरवी ज्यांचा वैताग येई त्या ठिपक्यांतून माजी बीबीसी अभियंता रिचर्ड रसेल याने मूळ रंग परत वाचून काढला. ‘डॅड्स आर्मी’ मालिकेचा १९६९चा एक भाग २००८मध्ये या रीतीने रंगात दिसला. रंग नव्याने भरलेला नव्हता, तो त्या दिवशीच्या कॅमेऱ्याचाच होता.

आज टेपा फाइलमध्ये आणायला बसणारी अभिलेखागारे कॅसेटांचा क्रम वयावरून लावत नाहीत. कोणत्या पद्धतीची चालू यंत्रे आणि सुटे भाग कमी, ते आधी बघतात. त्यामुळे १९९१ची डी-३ किंवा १९८८ची डी-२ पुष्कळदा तिच्याहून जुन्या बीटाकॅमच्या आधी यंत्रावर चढते. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत आणखी एक निकष लागतो. लेप धरून ठेवणारा थर ओलाव्याने सुटू लागतो, गुंडाळीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. अशी टेप तशीच लावली तर हेड भरते आणि पुढच्या चांगल्या टेपेलाही इजा होते, म्हणून ती आधी बाजूला काढून साफ करावी लागते. पेटीवर काय लिहिले आहे हेही कामाचे असते: पद्धत, लांबी, मास्टर की कॉपी, आवाजाच्या कोणत्या ट्रॅकवर काय. अर्ध्या इंची कॅसेटा बाहेरून पुष्कळशा सारख्या दिसतात, आणि चुकीच्या यंत्रात घालून बघण्याइतकी हेड्स आता कोणाकडेच शिल्लक नाहीत.